विधेयकांचे मसुदे आणि कंपन्या : अमेरिकेतील घटक राज्ये

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटक राज्यांच्या विधिमंडळांपुढे येणाऱ्या विधेयकांचा मजकूर ठरविण्यात व्यापारी व औद्योगिक कंपन्यांनी वेळोवेळी घेतलेला भाग, हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. सभासदांची मते मिळविण्यासाठी पैसा वापरणे ही गोष्ट जुनी असून बहुतेक देशांना परिचित आहे. विधेयकाचा मसुदाच बाहेर तयार होऊन सभागृहात येणे, ही मात्र तीहून वेगळी आणि अधिक सूक्ष्म गोष्ट होय. लाच देणे हा गुन्हा ठरतो. तयार मसुदा सभासदाच्या हाती ठेवणे हा गुन्हा ठरत नाही. सुमारे सव्वादोनशे वर्षांच्या काळात कंपन्यांचा भर पहिल्या मार्गावरून दुसऱ्या मार्गाकडे सरकत गेला. त्याला कंपन्यांच्या चातुर्याइतकीच विधिमंडळांची स्वतःची दुर्बलताही कारणीभूत झाली.

ही दुर्बलता समजण्यासाठी राज्यांच्या घटनात्मक रचनेकडे पाहणे अवश्य आहे. संघराज्याकडे सोपविलेले नाहीत व राज्यांना निषिद्ध केलेले नाहीत असे सर्व अधिकार अमेरिकन संविधानाच्या दहाव्या दुरुस्तीने (१७९१) राज्यांकडे वा जनतेकडे राखून ठेवले. त्यामुळे कंपन्यांची स्थापना, विमाव्यवसाय, फौजदारी कायद्याचा बराचसा भाग, शिक्षण, तुरुंग, कामगारांची नुकसानभरपाई इ. विषय मुख्यत्वे राज्यांच्या कक्षेत येतात. पन्नास राज्यांच्या विधिमंडळांत मिळून सु. ७,४०० सभासद आहेत. भारतातील राज्यांत बहुतेक विधेयके मंत्रिमंडळाच्या वतीने मांडली जातात आणि त्यांचे मसुदे शासनाच्या विधी विभागाच्या हाताखालून जातात. अमेरिकेतील गव्हर्नर विधिमंडळाचा सभासद नसतो व त्याला विधेयक मांडता येत नाही. विधेयक येते ते कोणा सभासदाच्या वा समितीच्या नावाने. हे सभासद पुष्कळ राज्यांत अर्धवेळ काम करणारे शेतकरी, वकील, दुकानदार वा निवृत्त लोक असतात. टेक्ससच्या विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरते व ते १४० दिवसांपुरते मर्यादित असते. न्यू हॅम्पशरच्या प्रतिनिधिगृहात ४०० सभासद असून १८८९ साली ठरलेले त्यांचे वेतन दोन वर्षांच्या मुदतीला २०० डॉलर एवढेच आहे. अशा सभासदाजवळ स्वतंत्र कचेरी नसते, संशोधनासाठी मदतनीस नसतो आणि कायद्याची भाषा लिहिण्याची सवय तर क्वचितच असते. मसुदा कोणी लिहावयाचा, या प्रश्नाचे उत्तर मग ‘ज्याला त्याची निकड असेल त्याने’ असेच बहुधा मिळत गेले.

प्रारंभीचा प्रकार अगदी उघडावाघडा होता. १७९५ मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने आजच्या ॲलाबामा व मिसिसिपी या राज्यांत मोडणारी सु. ३.५ कोटी एकर जमीन चार भूमिकंपन्यांना ५ लक्ष डॉलरांस विकण्याचा अधिनियम संमत केला. त्याच्या बाजूने मत देणाऱ्या बहुतेक सर्व सभासदांना या कंपन्यांचे भाग मिळाले होते, हे लवकरच बाहेर आले. हे प्रकरण ‘याझू’ या नावाने ओळखले जाते. लोकक्षोभामुळे पुढील निवडणुकीत विधिमंडळाची रचनाच पालटली व १७९६ मध्ये नव्या सभासदांनी तो अधिनियम रद्द करून त्याची प्रत जाहीरपणे जाळली. ही अग्नी आकाशातूनच आला पाहिजे म्हणून भिंगाने सूर्यकिरण एकत्र करून ती पेटविली, अशी आख्यायिका आहे. तथापि दरम्यान जमिनी तिसऱ्याच खरेदीदारांच्या हाती गेल्या होत्या. १८१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘फ्लेचर विरुद्ध पेक’ या खटल्यात रद्द करण्याचा कायदाच घटनाबाह्य ठरविला. सरन्यायाधीश जॉन मार्शल (१७५५–१८३५) यांच्या मते विधिमंडळाने दिलेले दान हा एक करार होता, तो राज्याला मोडता येत नाही आणि कायदा करणाऱ्यांच्या हेतूंचा शोध घेणे हे न्यायालयाचे काम नव्हे. या दुसऱ्या तत्त्वाचा परिणाम दूरगामी झाला. कायदा कोणी लिहिला व का लिहिला, हा प्रश्न त्यामुळे न्यायालयाच्या दारात सहसा येऊ शकला नाही. तो वृत्तपत्रे, चौकशी समित्या आणि मतदार यांच्यावर सोपविला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी स्थापन करावयाची म्हणजे विधिमंडळाकडून तिच्यापुरता खास कायदा, म्हणजेच सनद, मिळवावी लागे. सनदेचा मजकूर अर्थातच अर्जदार आणीत. न्यू जर्सीत कॅम्डन व अँबॉय या रेल्वेकंपनीला १८३० मध्ये सनद मिळाली आणि लवकरच न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया यांच्या दरम्यानच्या रेल्वेवाहतुकीची मक्तेदारीही मिळाली. मोबदल्यात कंपनी राज्याला वाहतुकीवरील पट्टी देई. तिच्या या वर्चस्वामुळे टीकाकार त्या राज्याला कंपनीच्याच नावाने संबोधू लागले. सर्वांना सारख्या अटींवर कंपनी काढता यावी म्हणून न्यूयॉर्कने १८११ मध्ये कारखानदारीपुरता सर्वसाधारण कायदा केला व पुढे इतर राज्यांनीही तो मार्ग धरला. खास सनदांचा बाजार त्यामुळे हळूहळू मंदावला, परंतु रेल्वेंना अजून बरेच काही हवे होते. ईअरी रेल्वेच्या ताब्यासाठी १८६८ मध्ये झालेल्या झगड्यात जे गूल्ड व त्याचे सहकारी यांनी बेसुमार नवे भाग छापले आणि ते कायदेशीर ठरविणारा कायदा न्यूयॉर्कच्या ऑल्बनी येथील विधिमंडळाकडून मंजूर करवून घेतला. त्यासाठी गूल्ड पैसा घेऊनच ऑल्बनीस गेला होता.

सभासदांची मने वळविण्याच्या या धंद्याला ‘लॉबी’ असे नाव आहे. त्याला आळा घालण्याचे पहिले प्रयत्न जितके कडक होते तितकेच निष्फळ ठरले. जॉर्जियाच्या १८७७ च्या संविधानाने लॉबी करणे हा गुन्हाच ठरविला. कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या संविधानानेही तसेच केले. एवढे होऊनही कॅलिफोर्नियात सदर्न पॅसिफिक रेल्वेचे वर्चस्व पुढे तीस वर्षे टिकले. रेल्वेच्या नियंत्रणासाठी त्याच संविधानाने नेमलेला आयोग कंपनीच्या प्रभावाखालीच राहिला. मॅसॅचूसेट्सने १८९० मध्ये वेगळा मार्ग काढला. लॉबी करणाऱ्याने आपले नाव व आपल्याला नेमणाऱ्याचे नाव नोंदवावे, एवढेच त्या राज्याने सांगितले. आजचे बहुतेक कायदे याच धर्तीचे आहेत.

विमाकंपन्यांच्या कारभाराची न्यूयॉर्कमध्ये १९०५ साली जी चौकशी झाली तिने या व्यवहाराचे अंतरंग प्रथमच कागदोपत्री उघड केले. सीनेटर आर्मस्ट्राँग हे समितीचे अध्यक्ष होते. चार्ल्स इव्हान्स ह्यूझ (१८६२–१९४८) हे तिचे वकील असून पुढे ते गव्हर्नर व सरन्यायाधीश झाले. म्यूच्युअल, इक्विटेबल व न्यूयॉर्क लाइफ या तीन बलाढ्य कंपन्या बाजारात एकमेकींच्या कट्टर स्पर्धक होत्या. परंतु राज्यांतील विधेयकांवर पाळत ठेवण्यासाठी त्यांनी देशातील प्रदेश आपसांत वाटून घेतले होते, असे समितीला आढळले. एका राज्यातील प्रतिकूल विधेयक दुसरी कंपनी परस्पर हाणून पाडी. खर्च हिशेबाच्या वह्यांत भलत्याच नावाखाली पडे. ग्राहकाच्या हप्त्यातून जमलेला पैसा ग्राहकाच्या संरक्षणाचे कायदे अडविण्यासाठी वापरला जात होता, ही गोष्ट लोकांना विशेष झोंबली. १९०६ मध्ये न्यूयॉर्कने विमाव्यवसायाची पुनर्रचना करणारे कायदे केले.

या साऱ्या प्रकरणांत कंपन्यांचा हेतू एखादे दान मिळविणे वा एखादा कायदा अडविणे हा होता. कायद्याची संपूर्ण चौकटच कंपन्यांच्या सोयीने आखण्याचे श्रेय मात्र न्यू जर्सीकडे जाते. एका कंपनीने दुसरीचे भाग धारण करू नयेत, हा त्या काळचा सर्वसाधारण नियम होता. न्यू जर्सीने १८८८-८९ मध्ये तो सैल केला आणि १८९६ च्या सुधारित कायद्याने सूत्रधारी कंपन्यांचा मार्ग पूर्णपणे मोकळा केला. जेम्स बी. डिल (१८५४–१९१०) हे वकील या धोरणाचे प्रमुख पुरस्कर्ते होते. राज्याने आपला कंपनी-कायदा हा विक्रीचा माल मानावा, बाहेरच्या कंपन्यांना स्वस्त व सैल अटींवर नोंदणी द्यावी आणि शुल्कावर तिजोरी भरावी, असा त्यांचा सल्ला होता. गव्हर्नर लिऑन ॲबेट यांना तो पटला. नोंदलेल्या कंपन्यांना राज्यात नामधारी कार्यालय पुरविणारी संस्थाही डिल यांनीच काढली, म्हणजे कायद्याचा पुरस्कार आणि त्यावरील व्यवसाय या दोन्ही गोष्टी एकाच हाती आल्या. योजना आर्थिक दृष्ट्या कमालीची यशस्वी ठरली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी न्यू जर्सीने आपले कर्ज फेडून टाकले व मालमत्तेवरील राज्य-करही बंद केला. ओहायओच्या न्यायालयाने १८९२ मध्ये बेकायदा ठरविलेला स्टँडर्ड ऑइलचा न्यास १८९९ मध्ये न्यू जर्सीची सूत्रधारी कंपनी म्हणून पुन्हा उभा राहिला. तो मोडावयास सर्वोच्च न्यायालयाचा १९११ चा निर्णय यावा लागला. पत्रकार लिंकन स्टेफन्स यांनी १९०५ मध्ये न्यू जर्सीवर इतर राज्यांशी द्रोह केल्याचा आरोप ठेवला. तो अतिशयोक्त म्हणता येणार नाही. एका राज्याने नियम सैल केले की इतरांचे कडक नियम आपोआप निरुपयोगी होतात, कारण कंपनी तेथून उठून नोंदणीपुरती दुसरीकडे जाऊ शकते.

याचे प्रत्यंतर खुद्द न्यू जर्सीलाच आले. वुड्रो विल्सन (१८५६–१९२४) यांनी गव्हर्नरपद सोडण्यापूर्वी, फेब्रुवारी १९१३ मध्ये, मक्तेदारीविरुद्धचे सात कायदे संमत करवून घेतले. ‘सात बहिणी’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत. कंपन्यांनी वाद घातला नाही. त्या शेजारच्या डेलावेअरला गेल्या. त्या चिमुकल्या राज्याने १८९९ मध्येच न्यू जर्सीच्या धर्तीवर आपला कायदा करून ठेवला होता. न्यू जर्सीने काही वर्षांतच ते सात कायदे बव्हंशी मागे घेतले, परंतु गेलेला व्यवसाय परत आला नाही.

कंपन्यांच्या लेखणीला उत्तर म्हणून सार्वजनिक लेखणी निर्माण करण्याचा महत्त्वाचा प्रयोग विस्कॉन्सिनमध्ये झाला. चार्ल्स मॅकार्थी (१८७३–१९२१) या इतिहासाच्या अभ्यासकाने १९०१ मध्ये मॅडिसन येथील विधानभवनात विधिसंदर्भ ग्रंथालय सुरू केले. गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट (१८५५–१९२५) यांच्या सुधारणावादी राजवटीची त्याला साथ मिळाली. एखाद्या विषयावर इतर राज्यांनी व परदेशांनी काय कायदे केले, त्यांचे काय झाले, न्यायालयांनी ते का रद्द केले, याची कात्रणे, अहवाल व निकालपत्रे येथे सभासदाला मागताक्षणी मिळत. त्याला जोडून मसुदा-विभाग निघाला. त्याचे नियम पाहण्यासारखे आहेत : सभासदाच्या स्वाक्षरीची तपशीलवार लेखी सूचना असल्याखेरीज विधेयक वा उपसूचना लिहून द्यावयाची नाही आणि मसुदाकाराने आशयाविषयी स्वतःची मते घुसडावयाची नाहीत. विधेयकाचा उगम कोणाकडे आहे, हे यामुळे निदान एका कागदावर तरी राही. कंपन्यांकडे उत्तम वकील आहेत आणि जनतेच्या प्रतिनिधीकडे कोणी नाही, ही विषमता हेच भ्रष्टाचाराचे एक मूळ आहे, असे मॅकार्थी मानीत. आपला अनुभव त्यांनी द विस्कॉन्सिन आयडिया (१९१२) या ग्रंथात मांडला. विस्कॉन्सिनचे १९११ चे कामगार-नुकसानभरपाई व आयकर यांसंबंधीचे कायदे याच वातावरणातील होत. विरोधकांनी ग्रंथालयाला ‘विधेयकांचा कारखाना’ म्हणून हिणविले. एमॅन्युएल फिलिप यांनी १९१४ ची निवडणूक ते बंद करण्याचे आश्वासन देऊन लढविली. गव्हर्नर झाल्यावर मात्र त्याची उपयुक्तता पाहून त्यांनी तो विचार सोडला. इतर अनेक राज्यांनी अशी कार्यालये काढली आणि संसदेच्या ग्रंथालयातही १९१४ मध्ये तसा विभाग सुरू झाला. परंतु त्यांना पैसा देणे हे विधिमंडळांच्याच हाती होते, आणि सभासदांच्या मदतीवर होणारा खर्च मतदारांना कधीच फारसा रुचला नाही.

दुसऱ्या राज्याचा कायदा उचलणे यात मुळात गैर काही नाही. राज्यांनी नेमलेल्या आयुक्तांची परिषद १८९२ पासून समान कायद्यांचे नमुने तयार करीत आली आहे. त्यांची चर्चा प्रदीर्घ व उघड असते आणि देशभरचा व्यापारी व्यवहार अशा नमुन्यांवर आधारलेला आहे. याच साधनाचा उपयोग १९७३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन लेजिस्लेटिव्ह एक्स्चेंज कौन्सिल या संस्थेने निराळ्या प्रकारे केला. ‘ॲलेक’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. इलिनॉयचे तत्कालीन सभासद हेन्री हाइड (१९२४–२००७) व पुराणमतवादी संघटक पॉल वायरिच (१९४२–२००८) हे तिच्या संस्थापकांपैकी होत. मर्यादित शासन व मुक्त बाजारपेठ ही तिची घोषित तत्त्वे आहेत. तिच्या विषयवार कार्यदलांत राज्यांचे सभासद व कंपन्यांचे प्रतिनिधी एकत्र बसत. नमुना विधेयक पुढे जाण्यासाठी दोन्ही गटांची स्वतंत्र बहुमते आवश्यक असत. म्हणजे कंपन्यांना नकाराधिकारच होता. २०११ च्या सुमारास सभासदाची वार्षिक वर्गणी ५० डॉलर होती, तर कंपनीची ७,००० डॉलरांपासून २५,००० डॉलरांपर्यंत. त्यांच्यापैकी यजमान कोण व पाहुणा कोण, हे या आकड्यांवरून सहज कळते. दरवर्षी आपली सु. १,००० नमुना विधेयके राज्यांत मांडली जातात व त्यांपैकी सु. पंचमांश संमत होतात, असे संस्था पूर्वी अभिमानाने सांगत असे.

तरीही जवळजवळ चार दशके हे नमुने सामान्य वाचकाला पाहावयास मिळत नव्हते. जुलै २०११ मध्ये सेंटर फॉर मीडिया अँड डेमॉक्रसी या संस्थेने हाती आलेली ८०० हून अधिक नमुना विधेयके व ठराव प्रसिद्ध केले, तेव्हा वेगवेगळ्या राज्यांतील कायद्यांची वाक्ये शेजारी ठेवून पडताळणे शक्य झाले. त्याच वर्षी फ्लॉरिडात एक हास्यास्पद प्रकार घडला. कंपन्यांवरील संघीय कर कमी करण्याची मागणी करणारा ठराव तेथे मांडला गेला. त्यात ॲलेकच्या उद्दिष्टांची घोषणा करणारे वाक्य तसेच राहून गेले होते. ते ध्यानात येताच ठराव मागे घेऊन ते वाक्य वगळून पुन्हा मांडण्यात आला.

नमुन्यांचा प्रवास नेहमी वरून खाली होतो असे नाही. धोका वाटल्यास माघार न घेता प्राणघातक बळ वापरण्याची मुभा देणारा कायदा प्रथम २००५ मध्ये फ्लॉरिडात झाला. नॅशनल रायफल असोसिएशनच्या प्रयत्नाने तो त्याच वर्षी ॲलेकचा नमुना बनला आणि पुढे वीसहून अधिक राज्यांत तशा प्रकारचे कायदे झाले. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लॉरिडातील सॅनफर्ड येथे एका निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाची गोळी घालून हत्या झाली, तेव्हा देशाचे लक्ष या कायद्याकडे व त्याच्या प्रसारकांकडे वळले. शीतपेये व खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपन्यांना आपल्या वर्गणीचा बंदुकांच्या कायद्याशी संबंध जोडला जाणे परवडणारे नव्हते. कोका-कोला, पेप्सिको, क्राफ्ट व मॅक्डॉनल्ड्झ यांनी त्या वर्षी संस्था सोडली. ॲलेकने एप्रिलमध्ये संबंधित कार्यदल बरखास्त केले. आर्थिक विषयांवरील कार्यदले मात्र चालू राहिली. अंतिम निर्णय विधिमंडळ-सभासदांचाच असतो, मसुदा कोणीही दिला तरी मत देणारा लोकनियुक्त असतो आणि कामगार संघटना व पर्यावरणवादी संस्थाही असेच मसुदे पुरवितात, असा तिचा बचाव आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. उजव्या व डाव्या अशा दोन्ही बाजूंकडून नमुने येतात. परंतु मसुदा, प्रवासखर्च, परिषद आणि पुरावा देणारा साक्षीदार हे सर्व एकाच ठिकाणाहून पुरविण्याची ऐपत सर्वांना सारखी नसते.

राज्यशास्त्रज्ञ अलेक्झांडर हर्टेल-फर्नांडेझ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने जुन्याच निदानाला आकड्यांचा आधार दिला. ज्या राज्यांत सभासदांना कामासाठी वेळ कमी व मदतनीस थोडे, तेथे ॲलेकच्या मजकुराची उसनवारी अधिक, असे त्यांना आढळले. यूएसए टुडे, द ॲरिझोना रिपब्लिक व सेंटर फॉर पब्लिक इंटेग्रिटी यांनी संगणकाच्या साहाय्याने केलेली विधेयकांची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. आधीच्या आठ वर्षांत किमान १०,००० विधेयके बाहेरच्या नमुन्यांवरून जवळजवळ जशीच्या तशी उतरविलेली होती व त्यांपैकी २,१०० हून अधिक कायद्यात रूपांतरित झाली होती.

कॅलिफोर्नियाची गोष्ट येथे पुन्हा घ्यावी लागते. सदर्न पॅसिफिकला राजकारणातून हुसकावण्याचे आश्वासन देऊन हायरम जॉन्सन (१८६६–१९४५) हे १९१० मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले. १९११ मध्ये त्यांनी मतदारांना स्वतः कायदा प्रस्तावित करण्याचा, संमत कायद्यावर सार्वमत घेण्याचा व अधिकाऱ्याला परत बोलाविण्याचा हक्क मिळवून दिला. कंपनीच्या मुठीतील विधिमंडळाला वळसा घालता यावा, हा त्यामागील उद्देश होता. २०१९ मध्ये त्याच राज्याच्या विधिमंडळाने कंत्राटदार म्हणून राबविल्या जाणाऱ्या अनेकांना कर्मचाऱ्यांचे हक्क देणारा कायदा केला. तेव्हा उबर, लिफ्ट, डोअरडॅश इ. कंपन्यांनी जॉन्सन यांचेच साधन हाती घेतले. आपल्या चालकांना त्या कायद्यातून वगळणारा प्रस्ताव क्र. २२ त्यांनी पुरस्कृत करून नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांपुढे ठेवला. त्याच्या प्रचारावर २० कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला आणि सु. ५८ टक्के मतांनी तो संमत झाला. त्यात दुरुस्ती करावयाची तर विधिमंडळाच्या सात अष्टमांश सभासदांची संमती लागेल, अशी तरतूद प्रस्तावातच होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये प्रस्ताव वैध ठरविला.

डेलावेअरमध्ये मसुद्याची एक वेगळीच रीत रूढ झालेली आहे. तेथील कंपनी-कायद्यातील दुरुस्त्या दीर्घकाळ राज्याच्या वकीलसंघाच्या कंपनीविषयक विभागाचे एक मंडळ तयार करीत आले असून विधिमंडळ त्या सहसा फारसा वाद न घालता संमत करते. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक तेथे नोंदलेल्या असल्याने या मूठभर वकिलांच्या लेखणीचे वजन सबंध देशाला जाणवते. २०२४ मध्ये टेस्ला कंपनीने आपली नोंदणी डेलावेअरमधून टेक्ससला हलविली व आणखीही काही मोठ्या कंपन्या जाण्याच्या विचारात असल्याचे बोलले जाऊ लागले. त्यानंतर कंपनीवर नियंत्रण असलेल्या भागधारकांविरुद्धच्या दाव्यांना व इतर भागधारकांच्या कागदपत्रे पाहण्याच्या हक्काला मर्यादा घालणारे विधेयक मांडण्यात आले. या वेळी ते वकीलसंघाच्या नेहमीच्या वाटेनेही आले नाही. २५ मार्च २०२५ रोजी गव्हर्नरांनी त्यावर स्वाक्षरी केली.